छप्पर नसलेली सिनेमागृहं आणि ग्रीसचा पाऊस

अथेन्समध्ये उन्हाळा आला की उघडी सिनेमागृहं सुरू होतात. भिंती असतात, पडदा असतो, खुर्च्या असतात, पण डोक्यावर छप्पर नसतं. सप्टेंबरपर्यंत लोक रात्री चांदण्यात बसून सिनेमा बघतात. एपिडॉरसच्या दोन हजारांहून अधिक वर्षं जुन्या दगडी नाट्यगृहात जुलै-ऑगस्टमध्ये नाटकं होतात. तिकिटं कितीतरी आधी विकली जातात आणि ‘पाऊस आला तर?’ ही काळजी फारशी कोणाला नसते. आपल्याकडे जुलैत साधा मांडव घालायचा तरी आधी ताडपत्री आठवते.

अथेन्सला जुलै महिन्यात सरासरी पाच-सहा मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत त्याच महिन्यात आठशेच्या वर पडतो. ग्रीसचा बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते मार्च या काळात येतो, म्हणजे आपलं आकाश जेव्हा मोकळं असतं तेव्हा. हे झालं पंचांग. दुसरी गोष्ट नकाशाची. हा देश महाराष्ट्राच्या निम्म्याहून लहान आहे, पण पश्चिमेकडच्या कोर्फू बेटावर वर्षाला ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि अथेन्सला जेमतेम ४००. म्हणून ‘ग्रीसमध्ये किती पाऊस पडतो’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. कुठल्या महिन्यात आणि डोंगराच्या कुठल्या अंगाला, हे दोन्ही विचारावं लागतं.

उन्हाळा एवढा कोरडा का?

विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, तिथेच पाऊस पाडते आणि कोरडी होऊन ध्रुवांच्या दिशेला सरकते. साधारण तीस अंश अक्षांशाच्या आसपास ती पुन्हा खाली उतरते. खाली येणारी हवा दाबली जाते आणि दाबली की तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं नळकांडं गरम लागतं, तसंच हे. तापलेल्या, कोरड्या हवेत ढग धरत नाही, आणि धरला तरी टिकत नाही. सहारा वाळवंट या उतरत्या हवेखाली आहे. उन्हाळ्यात सूर्याबरोबर हा पट्टा उत्तरेला सरकतो आणि ग्रीस त्याच्या कक्षेत येतो. हिवाळ्यात तो दक्षिणेला परततो आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांची वाट मोकळी होते.

शाळेच्या पुस्तकात बहुधा इथवरच असतं. पण नुसत्या या पट्ट्याच्या सरकण्याने पूर्व भूमध्य समुद्रावरचा उन्हाळा इतका कोरडा व्हायला नको. तिथे हवा ज्या जोराने खाली उतरते, तो जोर या हिशेबात बसत नाही. १९९६ साली मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी त्याचं एक कारण मांडलं, आणि ते थेट आपल्या अंगणातलं आहे: भारतातला मोसमी पाऊस.

वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. जून ते सप्टेंबर दक्षिण आशियावर इतकं पाणी कोसळतं की त्यातून सुटणारी उष्णता वातावरणाला मोठा धक्का देते. तो धक्का लाटेसारखा पश्चिमेकडे पसरतो. इथे जी हवा जोराने वर चढते, तिची भरपाई म्हणून हजारो किलोमीटर दूर, पूर्व सहारा आणि पूर्व भूमध्य समुद्रावर, हवा खाली उतरते. आपल्याकडे धो-धो पाऊस पडतो तेव्हा ग्रीसचं आकाश निरभ्र राहतं, यात थोडा वाटा आपल्या पावसाचा आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा जगाच्या नकाशाकडे बघायची माझी सवयच बदलली.

या कोरड्या महिन्यांत ग्रीस आणि तुर्कस्तानमधल्या एजियन समुद्रावर उत्तरेकडून एक जोरदार वारा वाहतो. आजचे ग्रीक त्याला ‘मेल्तेमी’ म्हणतात. प्राचीन ग्रीक ‘एतेसियन’ म्हणायचे, म्हणजे दरवर्षी येणारे वारे. ‘एतोस’ म्हणजे वर्ष. आपला ‘मोसमी’ हा शब्द अरबी ‘मौसिम’ म्हणजे ऋतूवरून आला. दोन्ही वाऱ्यांना लोकांनी कालगणनेवरूनच नावं दिली. मेल्तेमीचंही आपल्या पावसाशी नातं आहे. उन्हाळ्यात भारत-पाकिस्तानवर तयार होणाऱ्या कमी दाबाची शेपटी पार तुर्कस्तानापर्यंत पोचते, बाल्कन भागावर दाब जास्त असतो, आणि या दोन्हींच्या मधून वारा धावतो.

हे दोन वारे एकाच वेळी वाहतात ही गोष्ट तर दोन हजार वर्षांपूर्वीच एकाने लिहून ठेवली आहे. इजिप्तमधल्या ग्रीक भाषक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ हे सागरी प्रवासाचं टिपण लिहिलं. त्यात कल्याण, सोपारा, पैठण, तेर ही आपली गावं आहेत. त्यातच तो नोंदवतो की आमच्याकडे एतेसियन वारे वाहतात त्याच काळात भारताच्या समुद्रावर नैर्ऋत्येचा वारा सुटतो. हे असं का होतं, ते त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. पण जहाज हाकारणाऱ्या माणसाला वेळ कळली होती, आणि ती बरोबर होती.

उपकाराची फेड हिवाळ्यात होते असं म्हणावंसं वाटतं. भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघालेली वादळी क्षेत्रं पूर्वेकडे सरकत इराण, अफगाणिस्तान ओलांडतात आणि काश्मीर-पंजाबवर पाऊस आणि बर्फ आणतात. बातम्यांत ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात ते हेच. उत्तर भारतातला गहू त्यांच्यावर पोसतो.

पिंडसच्या दोन बाजू

हिवाळ्यात ग्रीसला पाऊस देणारी कमी दाबाची क्षेत्रं पश्चिमेकडून येतात. काही अटलांटिककडून, तर बरीचशी इटलीजवळच्या जेनोआच्या आखातात किंवा आसपासच्या समुद्रावर जन्मलेली. इटली ओलांडून ती आयोनियन समुद्रावर येतात आणि वाटेत भरपूर बाष्प उचलतात. मग समोर पिंडस पर्वत उभा राहतो.

पिंडस म्हणजे ग्रीसचा सह्याद्री म्हटलं तर चालेल. उत्तर-दक्षिण पसरलेली रांग, पावसाच्या वाऱ्यांना आडवी. उंची मात्र सह्याद्रीपेक्षा बरीच जास्त: स्मोलिकास हे त्याचं सर्वोच्च शिखर २६३७ मीटर आहे. दमट वारा या भिंतीवर चढतो, थंड होतो आणि पाणी सोडतो. पश्चिम उतारावरच्या इओआनिना गावाला वर्षाला ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो, वरच्या डोंगरांत त्याहून पुष्कळ जास्त. पलीकडे थेस्सलीच्या मैदानात लारिसा हे शहर आहे. सरळ रेषेत अंतर दीडशे किलोमीटरही नाही, आणि तिथला वर्षाचा पाऊस ४२० च्या आसपास. महाबळेश्वरहून घाट उतरून वाईला आलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

पर्जन्यछायेची गोष्ट इथे संपत नाही, कारण पूर्वेला पुन्हा समुद्र आहे. वारा एजियनवरून जाताना पुन्हा ओल पितो आणि तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागून असलेल्या बेटांवर ती सोडतो. म्हणून पार पूर्वेच्या ऱ्होड्स बेटावर अथेन्सपेक्षा बराच जास्त पाऊस पडतो. मधली सिक्लेडिस बेटं मात्र कोरडी राहतात: सँटोरिनी, मिकोनोस आणि त्यांच्या शेजारणी. उंच डोंगर नाहीत, दोन्ही ओल्या बाजूंच्या मध्ये सापडलेली. क्रीट हे एकच बेट घेतलं तरी त्यात हाच खेळ लहान प्रमाणात दिसतो. पश्चिमेच्या ‘पांढऱ्या डोंगरां’वर २००० मिलिमीटरच्या आसपास, आणि पूर्व टोकाला त्याच्या चौथाईभर.

उत्तरेचा मॅसिडोनिया भाग वेगळ्या स्वभावाचा आहे. तिथे युरोपच्या आतल्या भूभागाचा प्रभाव पडतो, त्यामुळे पाऊस वर्षभर बऱ्यापैकी वाटला जातो आणि मे-जूनमध्ये दुपारी गडगडाटी सरी येतात. गारपीट ही तिथल्या फळबागांची मोठी चिंता. सरकारी पीकविमा संस्था विमानांतून ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडून गारा बारीक करायचा प्रयत्न करते.

पाण्याचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं

ग्रीसमध्ये जलवर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. लोकांच्या मनातली सुरुवात त्याच्याही थोडी आधी होते. उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या सरींना ग्रीकमध्ये ‘प्रोतोव्रोखिया’ म्हणतात, शब्दशः ‘पहिले पाऊस’. मृगाच्या सरी म्हटल्यावर आपल्या मनात जे उमटतं, ते या शब्दात आहे: मातीचा वास, धुळीने माखलेली आणि आता धुऊन निघालेली पानं, संपलेली सुट्टी. फक्त आपल्याकडे तेव्हा उकाडा संपून पेरणीची घाई असते आणि तिथे थंडीची चाहूल लागते.

पेरणीही असतेच. गहू पहिल्या पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात. नोव्हेंबरचं जुनं लोकनाम ‘पेरणीवाला’ असं आहे. जूनला ‘कापणीवाला’, जुलैला ‘मळणीवाला’. म्हणजे ग्रीसचं मुख्य पीक आपल्या रब्बीसारखं, पण आपली रब्बी जमिनीत मुरलेल्या ओलीवर उभी राहते आणि त्यांची चालू पावसावर. एक ग्रीक म्हण आहे: मार्चने दोन पाऊस दिले आणि एप्रिलने आणखी एक, तर ज्याने भरपूर पेरलंय त्या शेतकऱ्याची चंगळ. दाणा भरायच्या वेळी येणाऱ्या त्या तीन पावसांवर वर्षाची भाकरी ठरायची.

इथे चारशे मिलिमीटरचा आकडा पुन्हा बघायला हवा. आपल्या माण-खटावच्या माणसाला तो दुष्काळी वाटेल. पण हिवाळ्यात पडलेल्या पावसाची वाफ कमी होते. थंड हवा, तिरपं ऊन, लहान दिवस, त्यामुळे पाणी जमिनीत खोल जातं. शिवाय पिंडसच्या माथ्यावर बर्फ साठतो आणि वसंतात हळूहळू वितळतो. डोंगर बहुतांश चुनखडीचे असल्याने बरंच पाणी भेगांतून पोटात उतरतं आणि खाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. ऑलिव्हचं झाड याच साठ्यावर उन्हाळा काढतं. एकाच आकड्याचा पाऊस कुठल्या ऋतूत पडतो यावर त्याची किंमत ठरते, आणि पावसाबद्दल बोलताना आपण हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरतो असं मला वाटतं.

हिवाळ्याच्या ऐन मध्यावर, बहुधा जानेवारीत, काही दिवस वारा पडतो, ऊन पडतं, समुद्र शांत होतो. हे ‘अल्कियोनिदेस’ दिवस, म्हणजे खंड्या पक्ष्याचे दिवस. वाऱ्यांचा अधिपती एओलस, त्याची मुलगी अल्कियोनी. तिचा खंड्या पक्षी झाला, आणि तिला अंडी उबवता यावीत म्हणून भर हिवाळ्यात वारे काही दिवस आवरले जातात, अशी कथा आहे. त्या दिवसांवर स्थिरावलेला जास्त दाब हे झालं आजचं स्पष्टीकरण.

आणि वसंतात पाऊस दगा द्यायचा तेव्हा? उत्तर ग्रीसच्या खेड्यांत ‘पेर्पेरूना’ निघायची. एका मुलीला हिरव्या पानांनी आणि फांद्यांनी झाकायचं, गाणी म्हणत दारोदार न्यायचं, आणि प्रत्येक घरच्या बाईने तिच्यावर पाणी ओतायचं. आपल्या गावांत कडुनिंबाच्या पाल्यात झाकलेली धोंडी ज्याने पाहिली आहे, ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारात आलेल्या पोरांवर ज्याने तांब्या ओतला आहे, त्याला हे वाचताना अंगावर काटा येईल. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं मी म्हणत नाही. कोरड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या दोन शेतकऱ्यांना एकच गोष्ट सुचली, एवढं मला पुरतं.

जेव्हा पाऊस उलट्या बाजूने आला

सप्टेंबर हा महिना ग्रीसमध्ये सर्वांत धोक्याचा होऊ लागला आहे. उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हा सर्वांत उबदार असतो. वरच्या थरात थंड हवेचा एखादा गोळा युरोपकडून तुटून आला की खाली ऊब, वर गारठा, अशी स्फोटक मांडणी तयार होते. अशी एखादी प्रणाली एका जागी अडून बसली तर काय होतं, ते २०२३ मध्ये दिसलं.

४ सप्टेंबर २०२३ पासून ‘डॅनियल’ वादळाने मध्य ग्रीस धरला. थेस्सलीच्या पूर्वेला समुद्रकाठी असलेल्या पेलियन डोंगरावरच्या झागोरा गावात एका दिवसाच्या आत ७५४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अथेन्सच्या जवळजवळ दोन वर्षांच्या पावसाइतका. आपल्याला २६ जुलै २००५ च्या मुंबईतले ९४४ मिलिमीटर आठवतात. पण मुंबईला दर पावसाळ्यात मोठ्या पावसाची सवय आहे, त्या डोंगराला ती नव्हती.

आता नकाशा आठवा. थेस्सली पिंडसच्या पर्जन्यछायेत आहे. मग तिथे इतका पाऊस कसा? कारण तो पश्चिमेकडून आलाच नाही. वादळाचं केंद्र दक्षिणेला असल्याने वारे पूर्वेकडून, तापलेल्या एजियन समुद्रावरून येत होते. पेलियनचा उतार समुद्राकडे तोंड करून उभा आहे. पश्चिमेच्या वाऱ्यासाठी जी पाठ होती ती पूर्वेच्या वाऱ्यासाठी छाती झाली. पर्जन्यछाया वाऱ्याच्या दिशेवर ठरते, दिशा फिरली की सगळंच फिरतं.

थेस्सलीचं मैदान बशीसारखं आहे. चहूबाजूंनी डोंगर, आणि पाणी बाहेर जायला प्रामुख्याने एकच वाट: टेम्पे खिंडीतून जाणारी पिनिओस नदी. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने थेस्सलीच्या लोकांची समजूत नोंदवली आहे की हे मैदान पूर्वी तळं होतं आणि समुद्रदेव पोसायडनने डोंगर फोडून पाण्याला वाट दिली. डॅनियलनंतर उपग्रहाच्या चित्रांत ते तळं परत आलेलं दिसत होतं. ७०० चौरस किलोमीटरच्या वर जमीन पाण्याखाली होती. सतरा माणसं गेली, हजारो जनावरं गेली. १९६२ मध्ये कार्ला नावाचं तिथलं मोठं सरोवर शेतीसाठी उपसून कोरडं केलं होतं. त्यातला काही भागच पुढे पुन्हा भरला गेला. त्या पुरात पाण्याने आपली जुनी जागा शोधून काढली. सरोवर होतं तिथे शेतं होती, आणि शेतांच्या जागी पुन्हा सरोवर झालं. तेच वादळ पुढे समुद्र ओलांडून लिबियाला गेलं. १० सप्टेंबरच्या रात्री डेर्ना शहराच्या वरची दोन धरणं फुटली आणि हजारो लोक वाहून गेले.

पाणी एकीकडे, तहान दुसरीकडे

पाऊस पश्चिमेला, माणसं पूर्वेला. पाऊस हिवाळ्यात, गरज उन्हाळ्यात. ग्रीसच्या पाण्याच्या सगळ्या अडचणी या दोन ओळींतून निघतात.

थेस्सली हा कापसाचा मुलूख आहे. युरोपीय संघात पिकणाऱ्या कापसातला सिंहाचा वाटा ग्रीसचा. आपल्या विदर्भात कापूस बहुतांश पावसावर येतो, कारण त्याच्या वाढीचे महिने आणि पावसाचे महिने एकच. थेस्सलीत तोच कापूस वर्षातल्या सर्वांत कोरड्या महिन्यांत वाढतो आणि त्याचा थेंब न् थेंब नद्यांतून आणि विहिरींतून उपसावा लागतो. भूजल खोल खोल गेलं आहे. डॅनियल आला तेव्हा बोंडं उमलत होती. उन्हाळाभर विकतच्या विजेवर पाणी देऊन वाढवलेलं पीक पुरात गेलं, ही त्या शेतकऱ्यांची वेदना आकड्यांत मावत नाही.

पश्चिमेच्या अखेलोओस नदीचं पाणी बोगद्यातून थेस्सलीकडे वळवायचं, हा विचार कित्येक दशकांचा आहे. बोगदा खोदला गेला, मेसोखोरा इथे धरणाची भिंतही उभी राहिली. पण ग्रीसच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने पर्यावरणाच्या कारणांवरून हा प्रकल्प वारंवार अडवला. गंमत म्हणजे ग्रीक पुराणात महाबली हेराक्लिस याच नदीशी कुस्ती खेळतो आणि तिच्या बैलरूपी देवाचं शिंग मोडतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भूगोलकार स्ट्रॅबोच्या काळीच काहींनी त्याचा अर्थ ‘बांध घालून नदीला वेसण घातली’ असा लावला होता. माझं मत विचाराल तर नदी वळवण्याआधी कापसावर बोलायला हवं. उसावर न बोलता जलसंधारणावर बोलण्याची चूक आपण करून बसलो आहोत.

सँटोरिनीच्या शेतकऱ्याने हे वेगळ्या तऱ्हेने सोडवलं. तिथे द्राक्षवेल मांडवावर चढवत नाहीत, तर जमिनीलगत टोपलीसारखा गोल वळवतात. टोपलीच्या आत द्राक्षं वाऱ्यापासून जपली जातात. रात्री समुद्राकडून येणारी दमट हवा आणि दव ज्वालामुखीच्या सच्छिद्र मातीत शिरतं, आणि दिवसा वेल त्यावर जगते. घरांच्या गच्च्यांवरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठवायची रीतही बेटांवर जुनी आहे. आज मात्र पर्यटकांची सर्वांत जास्त गर्दी नेमकी पाऊस शून्य असलेल्या दोन महिन्यांत होते, त्यामुळे समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प लागतात.

अथेन्सने आपलं पाणी टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडून ओढलं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस मॅरेथॉनचं धरण झालं, त्याची भिंत संगमरवराने मढवलेली आहे. शहर वाढलं तसं पाणी पुरेना, मग पिंडसच्या दक्षिण टोकाकडच्या मोर्नोस नदीवर धरण बांधलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळाने अथेन्सची टाकी जवळजवळ रिकामी झाली, तेव्हा आणखी पश्चिमेच्या एविनोसचं पाणी बोगद्याने मोर्नोसमध्ये आणलं. प्रत्येक पाऊल ओल्या बाजूकडे.

मोर्नोसच्या पाण्याखाली कालिओ नावाचं गाव गेलं होतं. २०२४ मध्ये सलग कोरडे हिवाळे आणि तापलेले उन्हाळे यांमुळे पाणी इतकं उतरलं की त्याच्या घरांच्या भिंती पुन्हा दिसू लागल्या. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तसंच. अथेन्सची पाणीपुरवठा कंपनी धरणसाठ्याचे आकडे रोज जाहीर करते. आपण जुलैत खडकवासला किती टक्के भरलं ते बघतो, तिथले लोक ते डिसेंबर-जानेवारीत बघतात.